विमान जाऊ दे

वाक्य अर्धवट राहिलं आणि राजेश्वरीने सवयीने हात वर केला, तळवा मुलांकडे. सातवीच्या वर्गात या हाताचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: विमान जाऊ द्या. मुलंही आता सरावली होती. कुणी पेन खाली ठेवलं, कुणी शेजाऱ्याच्या वहीवर रेघ ओढून घेतली, मागच्या बाकावर एक मोठी जांभई झाली. राजेश्वरी फळ्यापाशी उभी होती. डोळे खिडकीबाहेरच्या डोंगरावर आणि कानात ती घरघर, आधी बारीक, मग भरत जाणारी, मग छपराच्या पत्र्याला धरून हलवणारी. ती ओसरायची वाट बघत होती. बराच वेळ गेला. मग पहिल्या बाकावरची प्रेरणा, जी विचारल्याशिवाय कधी तोंड उघडत नाही, हळूच म्हणाली, "बाई, विमान नाहीये." वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, तिने दोघाचौघांना रागावून वेळ मारून नेली असती. पण मुलं तिच्याकडे नुसती बघत राहिली, घरात आजारी माणसाकडे बघतात तशी. तिने हात खाली घेतला, उरलेलं वाक्य पुरं केलं आणि फळा पुसायला वळली.

आवाज खरा होता, याची अजून तिला खात्री होती. पत्रा हललेला तिने तळपायातून ओळखला होता. मग मुलांना कसा ऐकू आला नाही? की मुलांचेच कान आता इतके बधिर झाले की ते विमान त्यांना विमान वाटलंच नाही? हा विचार तिला आधी बरा वाटला, निदान वेड आपल्याला लागलेलं नाही म्हणून, आणि लगेच त्याहून वाईट वाटला. एवढ्यात खरंच एक विमान गेलं असावं, कारण मधल्या सुट्टीत शिपाईमामा म्हणाले, "आत्ताचं फारच खालून गेलं हो बाई." तिला काही ऐकू आलं नव्हतं. नसलेलं ऐकू येतं आणि असलेलं येत नाही. डबा उघडून ती तशीच बसून राहिली आणि पोळी वाळून गेली.

विमानतळ घाटाखाली होता. लोणावळ्याला त्याचं काहीच मिळालं नव्हतं, ना नोकऱ्या, ना रस्ता, आवाज तेवढा मिळाला. विमानतळ वाढला, धावपट्टी वाढली, उतरणाऱ्या विमानांना नवी वाट आखून दिली आणि ती वाट नेमकी मावळावरून आली: धरणाच्या पाण्यावरून, तुंग-तिकोन्याच्या किल्ल्यांमधून, मग लोणावळ्याच्या छपरांवरून घाटात. पूर्वी विमान म्हणजे मुलांनी टाटा करायची गोष्ट होती. आता त्याची चाकं बाहेर आलेली दिसत. तक्रारी झाल्या तेव्हा आवाज मोजणारी माणसं आली, शाळेच्या गच्चीवर यंत्र ठेवून गेली आणि सरासरी मर्यादेत आहे असं सांगून गेली. सरासरी म्हणजे काय, असं राजेश्वरीने विचारलं होतं. त्यांच्यातले साहेब म्हणाले, दिवसभराचा आवाज सगळ्या तासांत वाटून टाकायचा. एखाद्याला मारलेली थोबाडीत दिवसभरात वाटून टाकली तर गोंजारल्यासारखीच होणार, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात विमान आलं, आणि ते गेल्यावर साहेब जिना उतरत होते.

अशी किती वाक्यं राहून गेली असतील. आदिनाथ, तिचा नवरा, तुंगार्लीच्या एका रिसॉर्टवर मॅनेजर होता. तिथे त्याने खिडक्यांना दुहेरी काचा बसवून घेतल्या होत्या आणि तशाच घरी बसवायच्या गोष्टी करत होता. "सवय होते गं," तो म्हणायचा. सवय झालीच होती, भीती त्या सवयीचीच होती. जेवताना विमान आलं की दोघंही घास हातात धरून थांबत, आणि ते गेल्यावर कोण काय बोलत होतं हे दोघांनाही आठवत नसे. सुरुवातीला ते आठवून आठवून पुढे बोलत. मग ज्याचं महत्त्वाचं असेल तो बोलेल, असं ठरल्यासारखं झालं. मग महत्त्वाचंही राहून जायला लागलं. तिला मूल नको होतं की त्याला, हे एकदा अर्ध्यापर्यंत आलं होतं. ते विमान कधीच घाट उतरून गेलं होतं, आणि वाक्य अजून तिथेच, ताटाच्या कडेला होतं.

त्या दिवशी शाळेतून घरी येताना मात्र तिला आदिनाथ आठवला नाही, आबा आठवले. तिचे वडील, सोपान आबा, धरणाच्या खालच्या अंगाला, पवनानगरच्या पुढे, नदीकाठच्या वाडीत आई गेल्यापासून एकटेच राहत होते. त्यांचं घर वाडीत सगळ्यात शेवटी, नदीला लागून. धरणातून पाणी सोडायच्या आधी भोंगा व्हायचा, आणि वाडीचा भोंगा ऐकायचं काम आबांचं होतं. कुणी नेमलेलं नव्हतं, पण ते त्यांचंच होतं. भोंगा ऐकला की ते अंगणाच्या कडेला येऊन ओरडायचे, "झाला रंऽ, मोटारी काढा!" आणि मग सगळी वाडी नदीकडे पळायची. पात्रात सोडलेले पाइप, काठावरच्या पाण्याच्या मोटारी, दोर लावून वर ओढायच्या, चिखलात पाय रुतायचे, बायकासुद्धा दोराला हात लावायच्या. बाकीच्यांना भोंगा ऐकू येत नव्हता असं नाही. पण वारा कधी उलटा असायचा, कधी पाऊस पत्र्यावर वाजत असायचा, कधी गिरणी चालू असायची, आणि माणसं म्हणायची, आबा बोलले का? आबा बोलले नसतील तर भोंगा नाही. आई थट्टेने म्हणायची, "मी हाका मारून मेले तरी ह्यांना ऐकू येत न्हाई, आन त्यो भोंगा बरा ऐकू येतो." आबा हसायचे. त्या कानाचा त्यांना फार अभिमान होता, आणि राजेश्वरीलाही होता. लहानपणी ती त्यांच्या शेजारी डोकं कलतं करून उभी राहायची. एकदा तिने मालवाहू ट्रकच्या आवाजाला भोंगा म्हटलं तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "राजी, येक ध्यानात ठिव. गाडीचा आवाज चालतो, हितनं तितं जातो. भोंगा जागचा हालत न्हाई." मग दोघांनी ट्रक खिंडीकडे चालत गेलेला ऐकला होता.

रात्री जेवण झाल्यावर तिने त्यांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. त्यांच्या शिवारात पंधरवडाभर उघडीप होती, भात पिवळं पडायला लागलं होतं, म्हणून त्यांनी मोटर पुन्हा नदीवर नेऊन बसवली होती. ऐन पावसाळ्यात, धरण काठोकाठ भरलेलं असताना. "आबा, वर घाटमाथ्यावर पाऊस थांबलेला नाही. कधीही सोडतील पाणी," ती म्हणाली. "सोडू दे की. भोंगा हुईल तवा काढीन." मागे कसला तरी आवाज होता, लांबट, जड. "हे काय वाजतंय?" तिने विचारलं. आबांनी कान देण्याएवढाही वेळ घेतला नाही. म्हणाले, "इमान हाय."

तेव्हा तो आवाज विमानाचाच असेल, असणारच. पण आबांनी ऐकलं नव्हतं. आयुष्यभर डोकं कलतं करून, डोळे मिटून, एकेक आवाज सोलून बघणारा माणूस आता ऐकायच्या आधीच उत्तर देत होता. आवाज म्हणजे विमान. दिवसभर तेच खरं ठरत होतं, मग ऐकायचं कशाला? तिने गेल्या काही भेटी आठवून पाहिल्या. रस्त्यावरून डंपर गेला, इमान हाय. शेजारच्या तंबूंच्या कॅम्पवाल्यांनी जनरेटर लावला, इमान हाय. आणि आपण हसलो होतो. वर्गात उभ्या राहिलेल्या आपल्या हातात आणि त्यांच्या या उत्तरात काहीच फरक नव्हता. तिच्या कानाने वर्गात एक विमान जास्त ऐकलं, त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. त्यांच्या कानाने एक भोंगा कमी ऐकला तर ते नदीत असतील.

तिने भावाला, संदेशला, फोन लावला. तो नवलाख उंबऱ्याला कंपनीत होता, तळेगावात राहायचा. तो म्हणाला, पाणी सोडण्याचा मेसेज ग्रुपवर येतो, मी आबांना लगेच फोन करतो. शिफ्टला असलास तर? तेव्हा फोन लॉकरमध्ये, तो म्हणाला, पण आबांचा कान आहे ना. हे तो इतक्या सहज म्हणाला की तिने बरं म्हणून फोन ठेवला. त्यांचा कान गेला, हे कुणीतरी म्हणायलाच हवं होतं, आणि ते आबांनाच म्हणायला हवं होतं. मोटर काढा, माझ्याबरोबर लोणावळ्याला चला, पाऊस संपेपर्यंत राहा. त्यांना म्हातारपण सांगितलेलं चाललं असतं, गुडघे, मोतीबिंदू, काहीही चाललं असतं. कान नसता चालला. रविवारपर्यंत ती ते वाक्य मनात फिरवत राहिली, वर्गात, स्वयंपाकघरात, कपडे वाळत घालताना, कधी मऊ करून, कधी तोडून. आबा, तुमचा कान आता पहिल्यासारखा राहिला नाही. एवढंच तर होतं.

रविवारी ती स्कूटरवरून दुधिवरे खिंडीने उतरली. लोणावळ्यात रात्रभर पाऊस झोडपत होता. खिंडीच्या या बाजूला मात्र रस्ता कोरडा, ऊनसुद्धा होतं, आणि त्या उन्हात धरणाचं पाणी काठाला टेकून नुसतं पसरलेलं. काठाच्या तंबूंशेजारी पुण्या-मुंबईची पोरं फोटो काढत होती. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगर दिसतच नव्हते, तिथे सगळं काळं होतं. तिने स्कूटर थोडी दामटली. वाडीत पोचेपर्यंत दोन विमानं डोक्यावरून गेली. ती मोजायची नाहीत असं तिने ठरवलं होतं, तरी ती आपोआप मोजली गेली.

आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. तिला बघून उठले, स्वतः चहा ठेवला, तिला हात लावू दिला नाही. आईच्या मागे त्यांनी शिकलेली ही एकच गोष्ट, आणि त्या चहात साखर फार असायची. पर्स खुंटीला अडकवून ती ओट्याच्या कडेला बसली. कप हातात आला, आबा समोर टेकले, वेळ बरी होती. "आबा, मी एका कामासाठी आले," ती म्हणाली. "तुमचा कान..."

आवाज आला. आबांनी तिच्याही आधी तळहात वर केला. ही रीत आता त्यांच्याकडेही होती, घराघरांत होती. ती थांबली. दोघांनी कप खाली ठेवले, बापलेकींनी एकमेकांकडे बघून थोडं हसूनही घेतलं. आवाज लांबट होता, जड, एका सुरात भरत गेलेला. कुंपणापलीकडून शेजारच्या रतनबाईंनी डोकं वर काढलं. "आबा, भोंगा झाला का वं?" आबा मान हलवून म्हणाले, "न्हाई मावशी, इमान हाय." रतनबाई पुन्हा खाली वाकल्या. आवाज उतरत उतरत थांबला. "हं, बोल," आबा म्हणाले, पण वाक्य तिच्या तोंडातून निसटलं होतं. कुठेतरी काहीतरी टोचत होतं, दातात अडकलेल्या कणासारखं, आणि ते काय हे कळत नव्हतं. ती म्हणाली, चहा गोड झालाय. आबा म्हणाले, "मग काय कडू करू व्हय? मोटर पानी वढंना झालीया. पायपाच्या तोंडाला कचरा आडकलाय, ह्या तंबूवाल्यांच्या पिशव्या. चल, जाऊन येऊ. तितं बोल काय बोलायचं ते."

नदीकडे उतरताना ती मागे चालत होती. पायवाट लहानपणचीच, तीच करंजाची झाडं, तोच खाली उतरताना येणारा ओल्या मातीचा वास. आबांची मान मागून बारीक दिसत होती. तिला त्यांच्याबद्दल एकदम इतकी माया वाटली की कानाचं काही बोलूच नये, नुसतं उचलून घरी न्यावं असं झालं. काठावर मोटर झाकून ठेवलेली होती. आबांनी सपाट दगडावर चपला काढल्या, नेहमी काढत तशा, नीट जोडीने. लुंगी खोचली आणि पाइप धरून धरून कमरेइतक्या पाण्यात गेले. पाणी शांत होतं. ते वाकून पाइपाच्या तोंडाची जाळी चाचपायला लागले, पाठ धरणाकडे. चिंध्या, पिशव्या, शेवाळ उपसून बाजूला टाकत होते आणि तंबूवाल्यांना शिव्या देत होते. आकाशात काही नव्हतं. आत्ता, तिने ठरवलं. आत्ता नाही तर परत स्कूटरवर बसून जावं लागेल.

"आबा, तुमचा कान आता पहिल्यासारखा ऱ्हायला न्हाई," ती म्हणाली. इतके दिवस घोळवलेलं वाक्य बाहेर पडलं तेव्हा ते आईच्या बोलीत आलं.

आबांचे हात थांबले. ते वळले तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता, दुखावलेलं हसू होतं. "कोन म्हनतंय? संद्या?" त्यांनी विचारलं. "मी म्हणतेय." "कान खणखणीत हाय माजा. मगाशी इमान आलं तर तुज्या आदी मी हात केला. केला का न्हाई?"

"केला," ती म्हणाली. आणि मग, उत्तर माहीत असलेल्या मुलाला बाईंनी पुढचा प्रश्न विचारावा तसं सहज तिच्या तोंडून आलं, "कुठून कुठं गेलं ते?"

आबांनी तोंड उघडलं. उगवतीकडे हात केला, मग मावळतीकडे नेता नेता तो हात मध्येच राहिला. तिनेही आठवून पाहिलं. ओट्यावर बसलेली ती, कप, रतनबाईंचं डोकं, आबांचा तळहात, आणि तो आवाज. तो आला नव्हता आणि गेलाही नव्हता. वाढला, भरला आणि उतरला, सगळं एकाच ठिकाणी, धरणाच्या बाजूला, उभ्याचा उभा. टोचत होतं ते हे होतं. लहानपणी खांद्यावर हात ठेवून शिकवलेलं, आणि आपण तळहातासमोर गप्प बसून, हसून, तो पुरा होऊ दिला. तिने खाली पाहिलं. पाण्याचा रंग मघाशी हिरवा होता, आता तो चहासारखा झाला होता. सपाट दगडाच्या कडेवरून पाण्याची एक पातळ जीभ आत आली होती आणि चपलांना लागली होती. आबांच्या कमरेला असलेलं पाणी त्यांच्या बरगड्यांना टेकलं होतं, आणि ते अजून आठवत होते, कपाळाला आठ्या घालून, मान खाली घालून.

ती ओरडली. "आबा, भोंगा होता तो! बाहेर या!" पण पहिल्या शब्दालाच करंजाच्या झाडांवरून विमान आलं, चाकं बाहेर काढलेलं, खरंखुरं, उगवतीकडून मावळतीकडे चालत जाणारं. तिचा आवाज तिच्याच कानापर्यंत पोचला नाही. आबांनी वर पाहिलं. त्यांच्या आठ्या गेल्या. बघ, हेच ते, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर आलं, कान आहे म्हणाल्यावर तो आहे हे सिद्ध झाल्याचं समाधान. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड हलताना त्यांना दिसत होतं, हात हलताना दिसत होते. मुलगी काहीतरी सांगतेय, महत्त्वाचं असणार, एवढ्या लांबून आलीय. ती पाण्यात शिरली, चपला तिच्या पोटरीला घासून पुढे गेल्या, आणि तिने पुन्हा घसा फोडून हाक मारली. आबांनी एका हाताने पाइप घट्ट धरला आणि दुसरा तळहात वर केला, प्रेमाने, थांब म्हणून. पाणी त्यांच्या काखेला लागलं होतं, आणि ते तिचं वाक्य नीट ऐकता यावं म्हणून विमान जायची वाट बघत होते.